माझ्या वरचा क्रमांक

नवे वैमानिक मला हटकून विचारतात, "कॅप्टन, मोठ्या कंपनीत जायचं तर आधी कोणती छोटी कंपनी धरावी?" मी सांगतो, पगार बघू नका, गणवेश बघू नका, विमानं किती नवी आहेत तेही बघू नका. जी आधी बोलावेल तिच्यात जा. कारण रुजू झाल्याच्या दिवशी तुम्हाला एक क्रमांक मिळतो आणि पुढचं सगळं आयुष्य तो क्रमांक चालवतो. नाताळात घरी असाल की विमानतळावर, कॅप्टन कधी व्हाल, सगळं यादीत तुमच्या वर किती माणसं आहेत त्यावर. तुम्ही विमान किती अलगद उतरवता याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. मोठ्या कंपनीला माणसं हवी झाली की करारानुसार आमच्या यादीतून वरून खाली एकेक माणूस उचलला जातो. मधल्या कुणाला ओलांडून कुणी पुढे जात नाही.

हा सल्ला मी पंधरा वर्षं देतोय आणि अजून छोट्या कंपनीतच आहे.

मी ऑरिन कांगस. राहतो हॅनकॉकला, मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या अंगावर. इथून शिकागोला जाऊन विमान हातात घ्यायचं, चार दिवस पन्नास आसनांचं ते डबडं उडवायचं आणि परत यायचं. पंधरा वर्षांपूर्वी मी आणि रेइनो माकी इथल्या धावपट्टीवर पोरांना उडायला शिकवत होतो. हार्डवेअरच्या दुकानावर आमची दोघांची एक खोली होती, भिंतीवर एकच फोन. रेइनो बुटका, गोल चेहऱ्याचा, स्वतःच्याच विनोदांना आधी हसणारा. दोघांनी एकाच दिवशी अर्ज टाकले होते.

ऑक्टोबरात कंपनीचा फोन आला. रेइनो सॉनात, आमच्याकडच्या वाफेच्या गरम खोलीत, बसला होता. फोनवरची बाई म्हणाली, सोमवारच्या बॅचमध्ये दोन जागा आहेत, तुम्ही दोघं या.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. एका बॅचमध्ये जो वयाने मोठा, त्याला वरचा क्रमांक. रेइनो माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा होता. आम्ही एकत्र गेलो असतो तर तो कायम माझ्या एक पाऊल पुढे राहिला असता. फक्त एक पाऊल. मी बाईला म्हणालो, "माकी सध्या येऊ शकत नाही. मी येतो."

रेइनोला सांगितलं, "मला बोलावलंय. तुझी पाळी पुढच्या बॅचला."

तो टॉवेल गुंडाळून उभा होता, लालेलाल. "जा की लेका," म्हणाला. "माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेव." आणि हसला.

पुढची बॅच दीड वर्ष निघालीच नाही. भरती थांबली. उड्डाणाचे तास वाढवायला रेइनोने टपालाची एका इंजिनाची विमानं उडवायला घेतली. दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका सकाळी, त्याचं विमान सरोवरावर बर्फाच्या वादळात शिरलं. विमानाचं शेपूट सापडलं. तो सापडला नाही. त्याच्या आईला धरून मी चर्चमध्ये उभा होतो आणि तिला ते सांगितलं नाही. कुणालाच नाही. माझी मलाच शिसारी येते, पण नाही सांगितलं.

या एप्रिलमध्ये ज्येष्ठतेची नवी यादी आली. वरची माणसं मोठ्या कंपनीत गेली होती, काही निवृत्त झाली होती. मी हिशेबाने पहिला असायला हवा होतो. होतो दुसरा. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, माकी, रेइनो. रुजू झाल्याची तारीख माझी होती तीच.

मी वैमानिकांच्या पाळ्या लावणाऱ्या डोरीनला फोन केला. डोरीन साठीची, तिथे माझ्याही आधीपासूनची.

"यादीत घोळ झालाय," मी म्हणालो. "हा पहिला कोण?"

"रेइनो? पंधरा वर्षं तुझ्या डोक्यावर बसलाय आणि आज विचारतोस कोण?" ती हसली. "गोड माणूस आहे. येतो तेव्हा आम्हाला वेलचीचा पाव आणतो. तू कधी काय आणलंस रे?"

मी जुन्या याद्या काढल्या. कपाटात दर वर्षीची होती. प्रत्येकीत त्याचं नाव माझ्या वर होतं. त्या याद्या मी शेकडो वेळा वाचल्या होत्या. मला ते नाव कधी दिसलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

दोन कॅप्टन एका विमानात बसत नाहीत. एक कॅप्टन, एक सहवैमानिक. त्यामुळे त्याच्याशी गाठ पडायची काही सोय नव्हती. पण त्याच्याबरोबर उडालेले सगळे होते. जूनमध्ये माझ्याबरोबर टेसा बोद्रो होती, तिशीची, तिखट जिभेची. आम्ही ढगांच्या वर होतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कॅप्टन माकी? मजेशीर आहेत," ती म्हणाली. "चाकं जमिनीला टेकली की दर वेळी म्हणतात, 'चला, आई रागावणार नाही.' तुमच्यासारखे तोंड पाडून बसत नाहीत."

ते वाक्य रेइनोचंच होतं. इथल्या धावपट्टीवर पोरांना शिकवताना तो दर वेळी तेच म्हणायचा.

"तुमच्याबद्दल विचारत असतात," टेसा म्हणाली.

"काय विचारतो?"

"ऑरिन अजून हॅनकॉकलाच राहतो का. एकटाच राहतो का. असंच." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमचं भांडण आहे का हो?"

जुलैत शिकागोला त्याच्याकडून विमान माझ्या ताब्यात येणार होतं. मी मुद्दाम अर्धा तास आधी दरवाजापाशी जाऊन उभा राहिलो. प्रवासी बाहेर आले. हवाईसुंदरी बाहेर आली. शेवटी सहवैमानिक, घामाने निथळत.

"कॅप्टन?" मी विचारलं.

"आत्ताच गेले की. तुमच्या समोरूनच गेले."

मी आत गेलो. कॉकपिटमध्ये भट्टी पेटल्यासारखं गरम होतं. बाहेर पस्तीस अंश ऊन आणि हीटर शेवटच्या खुणेवर. सहवैमानिक दारातून म्हणाला, "त्यांना ऊबच येत नाही. आम्हाला सवय झालीय." डावी खुर्ची बुटक्या माणसासाठी पुढे ओढलेली होती. मी तिच्यावर हात ठेवला. त्या उकाड्यात ती थंडगार होती.

त्यानंतर मी शोध घेणं सोडलं. सप्टेंबर आला. मोठ्या कंपनीने कळवलं की आमच्याशी केलेला करार महिनाअखेर संपतोय. त्याआधी आणखी एकच माणूस घेतील. त्यानंतर दार बंद. माझं वय एक्केचाळीस. यादी सोडून, उड्डाणाच्या तासांच्या जोरावर थेट अर्ज मी तीनदा केला होता आणि तीनदा तो परत आला होता. ही शेवटची जागा नाही मिळाली तर निवृत्तीपर्यंत हेच डबडं.

मंगळवारी दुपारी डोरीनचा फोन आला.

"रेइनो फोन उचलत नाहीये. कागदावर त्याचा पत्ता तुझाच आहे, हार्डवेअरच्या दुकानावरचा."

"ती खोली मी केव्हाच सोडली."

"मग तू त्याला निरोप देशील का? सोमवारी मोठ्या कंपनीत त्याची बॅच आहे. पाचपर्यंत होकार हवा. नाही आला तर जागा खालच्याला जाईल. म्हणजे तुला."

घड्याळात दीड वाजला होता.

मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. काहीही करायची गरज नव्हती. नुसतं पाच वाजेपर्यंत बसून राहायचं. मेलेल्या माणसाला निरोप दिला नाही म्हणून कोण मला दोष देणार होतं? मी कॉफी केली. ती प्यायली नाही.

तीन वाजता गाडी काढली आणि सरोवरावर गेलो. गावचा कालवा सरोवराला मिळतो तिथे, जिथे त्याच्या विमानाचं शेपूट ओढून काढलं होतं. ऊन होतं. पाणी अगदी शांत होतं.

मी मोठ्याने बोललो. मला लाज वाटत होती, तरी बोललो.

"रेइनो, फोन आलाय. सोमवारी बॅच आहे. जागा तुझी आहे."

काही झालं नाही.

"त्या वेळीही आला होता. दोघांना बोलावलं होतं. मी सांगितलं नाही. तू माझ्या वर असतास म्हणून. एका क्रमांकासाठी. मला माफ कर."

मी रडलो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

पाण्यावर एकही लाट उठली नाही. मी गाडीत येऊन बसलो. खरं सांगतो, मला हलकं वाटत होतं. जागा गेली तर गेली, असं मनापासून वाटलं.

पाच वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला.

"दिलास का रे निरोप?" डोरीन खुशीत होती. "आत्ताच बोलला तो माझ्याशी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एकटा जायला तयारच होईना. म्हणाला, ऑरिनला मागे ठेवून जाणार नाही. शेवटी मोठ्या कंपनीशी स्वतः बोलला. आणखी एक जागा काढली त्यांनी. दोघं सोमवारी जा."

"दोघं?"

"नव्या बॅचमध्ये जोड्या लावतात ना शिकवताना. तुमची जोडी आहे. शेजारी शेजारी. खोलीही एकच मागितलीय त्याने."

मी आरशात मागची सीट पाहिली.

"गाडी काढू नकोस म्हणाला. सोमवारी सकाळी तोच तुला न्यायला येतोय."

"डोरीन," मी म्हणालो, "त्यांना सांग, मी सध्या येऊ शकत नाही."

"असं कसं?" ती म्हणाली. "तुझा होकार तर त्याने केव्हाच कळवला."