तिसरा ठोका

"सेत्सुने, मेलेला माणूस आपली भाषा बोलू शकतो का?"

प्रश्न ओडीलचा नव्हताच. दम असेल तर विचार, म्हणून केंड्रा आणि शायलानं जेवणाच्या सुट्टीत तिला डिवचलं होतं. आणि दम तर सप्टेंबरपासून ओडीलकडे पोत्यानं होता. त्याआधीची ओडील हजेरीलासुद्धा मान हलवून उत्तर द्यायची. मग एके दिवशी देने ह्या गावच्या मूळ भाषेच्या तासाला तिच्या घशातून तो आवाज निघाला, जो वर्गातल्या अकरापैकी कुणालाच जमत नव्हता. तेव्हापासून तिचं तोंड मिटायला तयार नव्हतं.

सेत्सुने म्हणजे देनेत 'माझी आजी'. देने शिकवणाऱ्या व्हितालीन म्हातारीला गावातलं प्रत्येक पोर तसंच म्हणायचं, नातं असो नसो. वर्गात खसखस पिकली. म्हातारीनं खडू खाली ठेवला. आता ही रागावणार, असं सगळ्यांना वाटलं, पण चहात साखर हवी का असं कुणी विचारावं आणि तिनं क्षणभर विचार करावा, तशी ती थांबली.

"अर्धी," ती म्हणाली.

मग तिनं शांतपणे समजावून सांगितलं. अ, ई, ओ यांना छातीतली हवा लागते, ती मेलेल्याकडे नसते, म्हणजे स्वर गेले. पण क', त', त्स' ही अक्षरं छातीची नाहीतच. घशाला झाकण लावायचं, जिभेमागे चमचाभर हवा कोंडायची आणि ती वरच्या वर फोडायची. बाहेर थंडीत बोलून बघा, स्वराबरोबर वाफ येते, ह्यांच्याबरोबर येत नाही. तेवढी अक्षरं त्याला जमतील, जीभ शिल्लक असेल तर.

मग नेहमीचा सराव. सगळा श्वास सोडा, सोडा, अजून सोडा, आता घसा मिटा आणि म्हणा. केंड्रा लालबुंद होऊन म्हणाली, "वाऱ्यानं माझी टोपी उडाली." पण टोपी म्हणजे त्स'आ, आणि तिच्या घशाचं झाकण काही लागलं नाही, त्यामुळे निघालं नुसतं त्सा, म्हणजे बीव्हर. शायलानं खिडकीतून उडता बीव्हर शोधायचं नाटक केलं. ओडीलची पाळी आली तेव्हा वाळकी काडी मोडावी तसा कोरडा, चोख आवाज आला. म्हातारीनं मान हलवली. ह्या मान हलवण्यासाठी ओडील काहीही करायला तयार होती.

वाईट एवढंच वाटत होतं, की हे सगळं आता आठवडाभरच उरलं होतं. गावातली शाळा दहावीपर्यंत. पुढच्या शनिवारी, जानेवारी संपता संपता, ती विमानानं यलोनाइफ शहराला जाणार होती, मोठ्या शाळेत. लाल बॅग आलेली होती. ओडीलनं ती तीनदा भरली होती आणि तीनदा रिकामी केली होती. वाईट वाटणं थोडं आणि आनंद फार, असा हिशेब होता. असं तिला वाटत होतं.

रविवारी ती बाबांबरोबर गोठलेल्या तळ्यात लावलेल्या माशांच्या जाळ्यावर गेली. वाऱ्यानं घासलेलं तळं राखाडी दिसत होतं, दुपारचा सूर्य स्प्रूस झाडांच्या शेंड्यांना टेकलेला. बाबांनी पहारीनं दोन्ही भोकांवरचा बर्फ फोडला. दोन भोकांच्या मध्ये, बर्फाखाली, साठ पावलं लांब जाळं पसरलेलं. लांबच्या भोकाशी बाबा जाळं ओढून मासे सोडवत होते. जवळच्या भोकाशी ओडील गुडघ्यांवर बसून जाळ्याला बांधलेली दोरी आत सोडत होती. जाड हातमोज्यातून दोरी सरकत होती, पाणी काळं होतं आणि कडेला बर्फाची साय धरत होतं.

क'.

तिनं आधी लक्ष दिलं नाही. बर्फ बोलतो, हे इथं जन्मलेल्या कुणालाही सांगायला नको. पण बर्फाचा आवाज तार ताणून सोडल्यासारखा, तळ्याच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला पळत जाणारा. हा जागच्या जागी होता. आखूड आणि कोरडा.

त'.

मग बराच वेळ काही नाही. आणि तिसरा ठोका, आधीच्या दोघांपेक्षा खोल. त्याला जीभ नव्हती, ओठ नव्हते. नुसता घसा मिटल्याचा.

ओडीलच्या हातातली दोरी थांबली. क'ई म्हणजे भूर्ज आणि त'आं म्हणजे पान. क'ईत'आं, भूर्जाचं पान. हे तिचं दुसरं नाव होतं, आत्यानं ठेवलेलं, आणि आत्यानंतर कुणीही न वापरलेलं. सेलेस्तीन आत्या अकरा वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या कुजक्या बर्फातून स्किडूसकट, म्हणजे बर्फावरच्या गाडीसकट, खाली गेली. स्किडू उन्हाळ्यात सापडली. त्या दिवसापासून बाबा देने बोलले नाहीत. विसरलो, म्हणतात. अठ्ठाविसाव्या वर्षी माणूस आपली भाषा विसरतो, यावर घरात सगळ्यांनी विश्वास ठेवला होता.

तिनं बाबांना सांगितलं. बाबा हातात मासा धरून उभे राहिले.

"बर्फ आहे," ते म्हणाले.

"बर्फाला क' कसा येईल, बाबा?"

"शाळेतलं शाळेत ठेव."

पण अर्धं जाळं तपासायचं बाकी असताना त्यांनी ते परत सोडलं, दोरी गुंडाळली आणि स्किडू सुरू केली. सात मासे घेऊन दोघं घरी आली. आईनं विचारलं, एवढेच? बाबा मासे टेबलावर टाकून बाहेर गेले.

सोमवारी ओडीलनं मैत्रिणींना सांगून टाकलं, कारण न सांगता राहणं आता तिच्यानं होत नव्हतं. केंड्रा म्हणाली, आत्या तुझं गणित बघून वर्गात बस म्हणतेय. शायला हसली नाही. तिनं विचारलं, भीती नाही वाटली? ओडीलनं खरं तेच सांगितलं. भीती नव्हती. तिच्या पायांना चैन नव्हतं, एवढंच. गणिताच्या तासाला तिच्या टाचा बाकाखाली ठोके देत होत्या, दोन आणि एक, दोन आणि एक. शेवटी पुढच्या बाकावरचा मुलगा वळून म्हणाला, अगं, थांबव की.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच गेली. भोकावर बाबांनी स्प्रूसची फांदी रोवलेली होती. तिनं पायानं साय फोडली, फोन हातमोज्यात धरून रेकॉर्डिंग लावलं आणि वाकून बसली. क'. त'. ठोका. पुन्हा. पुन्हा. मग थंडीनं फोन मेला.

घरी चार्ज करून ऐकलं, तर ठोके नव्हतेच. होता फक्त तिचा स्वतःचा श्वास, जवळून, खरखरीत, आत-बाहेर. पण मध्येच तो तुटत होता. कापून काढल्यासारखा. तीन ठिकाणी तुटायचा, मग सुरू व्हायचा, पुन्हा तीन ठिकाणी. श्वास रोखल्याचं तिला काही आठवत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं लाल बॅग चौथ्यांदा रिकामी केली. आईनं विचारलं, आता काय राहिलं?

बुधवारी शाळा सुटल्यावर ती म्हातारीच्या घरी गेली. चुलीवर किटली होती, टेबलावर बॅनकची जाड भाकरी आणि सुकवलेला मासा. ओडीलनं बसायच्या आधीच सगळं भडाभडा सांगितलं, आणि शेवटी जरा मिरवतच म्हणाली, की आत्याच आहे, तिच्याकडे श्वास नाही म्हणून स्वर नाहीत, आणि मला एकटीला कळलं, कारण मला ते आवाज येतात.

"करून दाखव," म्हातारी म्हणाली.

ओडीलनं करून दाखवलं. क', त', आणि तिसरा.

"तो शेवटचा परत."

तिनं परत केला. म्हातारीनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. त'आं म्हणताना शेवटी आवाज वर जातो, तो का, माहीत आहे? तिनं विचारलं. फार पूर्वी, म्हातारी सांगू लागली, तो शब्द शेवटी घशात मिटायचा. दार लावून घेतल्यासारखा. मग लोकांचं ते मिटणं सुटलं. दार गेलं, पण त्याच्या धक्क्यानं वर गेलेला स्वर तसाच राहिला. आपण बोलतो तो नुसता धक्का.

"फार पूर्वी म्हणजे तुमच्या आजीच्या वेळी?"

"माझ्या आजीच्या आजीलाही ते दार माहीत नव्हतं. मला एका भाषा शिकणाऱ्या पाहुण्यानं कागदावर दाखवलं. हजार वर्षं म्हणाला, की जास्त, त्यालाही नक्की नव्हतं."

किटली उकळत होती. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"मग आत्या ते..."

"सेलेस्तीन माझ्याच वर्गात शिकली, पोरी. ती शब्द असा संपवत नव्हती. कुणीच नाही."

ओडीलनं विचारलं, मग आत्यानं ते नाव आणलं कुठून? म्हातारी खिडकीकडे, तळ्याकडे बघत राहिली. तू जन्मलीस त्या हिवाळ्यात, ती म्हणाली, सेलेस्तीन जाळ्यावरून आली आणि इथं, ह्याच खुर्चीत बसली. फार आनंदात होती. म्हणाली, भाचीचं नाव मिळालं.

"मिळालं, म्हणाली. सुचलं, असं नाही म्हणाली," म्हातारी पुटपुटली. मग तिनं ओडीलचा हात हातात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही. "शनिवारी विमान आहे ना तुझं? वेळेवर जा, बाळा."

त्या रात्री ओडील छान झोपली, ह्याचं तिला सकाळी नवल वाटलं. मन मात्र एका जागी बसेना. शनिवारी गेलं की संपलं. कुणीतरी हजार वर्षं एकच शब्द अर्धा म्हणत होतं, आणि ज्या एकीला तो कळत होता, ती लाल बॅग घेऊन निघाली होती. फक्त विचारायचं, तिनं ठरवलं. एकच प्रश्न. विचारायला काय लागतं, दम लागतो.

गुरुवारी दुपारी तापमान उणे अडतीस अंश होतं. वारा नव्हता. गावातल्या चुलींचा धूर खांबासारखा सरळ उभा होता. फांदीजवळ ती गुडघ्यांवर बसली आणि साय फोडली. तिच्या तोंडची वाफ तिच्या पापण्यांवर गोठत होती.

"कोण आहेस?" तिनं देनेत विचारलं.

क'.

त'.

ठोका.

"ते माझं नाव. तुझं काय?"

क'. त'. ठोका. घाई नव्हती. पुढे जोडही नव्हती. वर्गात केंड्रा अडायची तेव्हा म्हातारी शब्दाची सुरुवात करून थांबायची आणि वाट बघायची, पुढचं तू भर म्हणून. अगदी तसं.

ओडीलला तेव्हा कळलं. ते तिला हाक मारत नव्हतं. ते मागत होतं.

तिला येत होतं. वर्गात एकटीला.

क'.

"ई," ओडील म्हणाली.

त'.

"आं." आवाज शेवटी वर गेला, जसा जातो तसा.

वाफ तिच्या ओठांतून निघाली, पांढरी, दाट. वर गेली नाही. भोकाच्या कडेवरून ती खाली वळली आणि काळ्या पाण्याकडे गेली. सगळी.

मग दार लागलं.

तिच्याच घशात.

ती उठली. तळं गप्प होतं. बर्फसुद्धा बोलत नव्हता. परतीची वाट पंधरा मिनिटांची, ती तिनं धावत कापली आणि धाप लागली नाही.

घरासमोर बाबा पहारीला धार लावत होते. आई पायरीवर उभी राहून लाल बॅगेचा पट्टा घट्ट करत होती. ओडील नेहमीसारखी खुशीत दिसली, म्हणून आईनं विचारलं, कुठे हुंदडून आलीस, आणि तिच्या शब्दांची वाफ तिच्या टोपीवरून मागे गेली. बाबा म्हणाले, आजच्या थंडीत तळ्यावर कशाला गेलीस, आणि त्यांच्या मिशीवर पांढरं दव धरलं.

ओडील त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभी राहिली. ती देनेत बोलली. स्वच्छ, खणखणीत, आणि प्रत्येक वाक्य शेवटी मिटवत. बाबा विसरले होते ती भाषा, तरी त्यांच्या हातातली पहार खाली पडली. ते तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. तिच्या ओठांपुढच्या हवेकडे बघत होते. तिथं काहीच नव्हतं.

"मी शनिवारी जाणार नाही," ओडील म्हणाली. "बॅग सोड, आई. मी इथंच राहणार. आजपासून जाळं मी बघीन."