उजवीकडे ओढणारी गाडी

"माझ्या भावानं गाडीत काहीतरी करून ठेवलंय," खुर्चीत नीट टेकायच्या आतच पाहुणी म्हणाली. "एवढं सिद्ध करून द्या. मग मी त्याचं तोंडही पाहणार नाही."

खासगी तपासाचं काम करणाऱ्या वहिनींनी तिला आधी पाणी दिलं. वहिनींचे दीर, काटकुळे भाऊजी, वही उघडून बसले.

बारा वर्षांपूर्वी लग्नावरून वडिलांशी भांडून ती घराबाहेर पडली होती. पुन्हा बोलणं झालंच नाही. दोन महिन्यांपूर्वी ते गेले आणि आपली दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार तिच्या नावे ठेवून गेले. पण स्टिअरिंग सारखं उजवीकडे ओढायचं. परवा ती समोरच्या ट्रकवर जाता जाता वाचली. भावाला गाडी विकायची होती आणि किल्ली इतके दिवस त्याच्याकडेच होती.

गॅरेजमध्ये वहिनींनी गाडी एकटीनं चालवून पाहिली. ओढत होती. मग भाऊजींना शेजारी बसवलं, तर सुतासारखी सरळ.

"माझा धाक आहे," भाऊजी म्हणाले.

वहिनी वाकून पाहत होत्या. पुढचं उजवं टायर एका कडेलाच झिजलेलं. स्टिअरिंगचं चामडंही एकाच बाजूला गुळगुळीत. डाव्या सीटचं मात्र नव्यासारखं. डाव्या स्प्रिंगखाली ती बाजू उचलून धरणारी एक जाड पट्टी होती, गंजून जागच्या जागी बसलेली.

आपल्या कामावर शंका घेतली म्हणून गॅरेजचा मेकॅनिक दुखावला होता. दरवर्षी चाकं आपणच जुळवली, असं त्यानं सांगितलं. मालक तेव्हा डाव्या सीटवर पंचवीस-पंचवीस किलोची दोन वाळूची पोती ठेवायला लावत. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, म्हणून त्यानं कधी विचारलं नाही.

वहिनींनी बहीण-भावाला गॅरेजमध्ये बोलावून घेतलं. गाडी विकायची होती, हे भावानं कबूल केलं. "त्या सीटवर बाबांनी मला एकदाही बसू दिलं नाही," तो म्हणाला. "कुठे जायचं झालं तर मी मागून स्कूटरवर."

वहिनी त्याच्या बहिणीकडे वळल्या. "घर सोडलंत तेव्हा वजन किती होतं तुमचं?"

"पन्नास असेल. का?"

"पट्टीवरचा गंज दोन महिन्यांचा नाही. टायर आणि चामडंही एवढ्यात झिजत नाही. म्हणजे गाडी तुमच्या वडिलांच्या हातातही ओढत होती, कित्येक वर्षं. ते ती डावीकडे धरून चालवायचे. हलकी गाडी आहे. डावीकडे पन्नास किलो बसले तरच सरळ जाते, म्हणून भाऊजी बसले की शहाणी होते. वडिलांनी ती मुद्दाम स्वतःसाठी आणि तुमच्यासाठी जुळवून घेतली होती. ती सीट कुणी वापरली नाही, त्यांनी वापरूही दिली नाही. तुमच्या भावानं काही केलेलं नाही."

भाऊजींनी लिहिणं थांबवलं.

बराच वेळ ती सीटच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "एक फोन करायचा होता त्यांनी," ती म्हणाली. मग हळूच, "मीही करायला हवा होता."

पट्टी काढू का, असं मेकॅनिकनं विचारलं. तिनं मान हलवून नको म्हटलं आणि डावं दार उघडलं.

"दादा, बस."

"ती तुझी जागा आहे."

"म्हणूनच म्हणतेय."

भाऊ अवघडून बसला. त्याचं वजन चांगलं ऐंशी किलो होतं. गॅरेजबाहेर पडताना गाडी किंचित डावीकडे ओढत होती. तिनं ती धरून ठेवली.