नागपूरला न पोचणारं विमान

बसच्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला आणि सोलापुरी चादरीत बांधलेलं एक भलंमोठं बोचकं घसरत येऊन ऋजुताच्या पायाशी थांबलं.

बर्मिंगहॅमच्या बसमध्ये माणूस काय काय पाहतो! पण सोलापुरी चादर? तीही लाल-निळी, चारी टोकांची घट्ट गाठ मारलेली... ऋजुता पुण्याची. ती चादर तिने डोळे मिटूनसुद्धा ओळखली असती. बोचक्यामागोमाग एक उंच, सावळा मुलगा धडपडत आला आणि "सॉरी, सो सॉरी" म्हणत खाली वाकला.

"मला नाही लागलं," ती सरळ मराठीतच म्हणाली. "आत काय आहे पण? लोणच्याच्या बरण्या?"

तो वाकलेलाच राहिला. मग मान वर करून असा काही हसला, की ऋजुताला उगीचच खिडकीबाहेर बघावंसं वाटलं. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. भुरभुर पाऊस होता, तो तर तिथे नेहमीचाच.

"कॉम्प्युटर आहे," तो म्हणाला. "दुकानात दाखवायला नेला होता. ते म्हणतात, याला काहीच झालेलं नाही. आणि घरी नेऊन गेम लावला, की तासाभरात फटकन बंद! स्क्रीन काळा. सगळं ठप्प."

"गेम खेळतानाच?"

"गेम खेळतानाच. मेल बघा, टायपिंग करा, एकदम गुणी मुलासारखा वागतो नं."

त्या 'नं'वरून तिने ओळखलं. "नागपूर?"

"नागपूर! शार्दूल. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. तुम्ही?"

"ऋजुता. एका बँकेच्या ऑफिसात दिवसभर लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर नीट करते," ती म्हणाली. आणि मग, स्वतःलाच आश्चर्य वाटावं अशा आवाजात पुढे म्हणाली, "रविवारी बघू का येऊन?"

अनोळखी मुलाला बसमध्ये असं विचारणारी मुलगी ऋजुता नव्हती हो. निदान त्या दिवसापर्यंत तरी नव्हती.

रविवारी ती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याच्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये गेली. छोटीशी खोली, करड्या रंगाचं कार्पेट, टेबलावर मॉनिटर आणि टेबलाखाली तो लबाड डबा. तिने तो उघडला. पंखा फिरत होता, वायरी जागेवर होत्या, धूळही नव्हती. उलट इतका स्वच्छ कॉम्प्युटर तिने उभ्या बर्मिंगहॅममध्ये पाहिला नव्हता.

"लाव तुझा गेम," ती म्हणाली. अहो-जाहो बसस्टॉपवरच संपलं होतं.

त्याने लावला. ऋजुताला वाटलं होतं, बंदुका असतील, नाहीतर गाड्यांच्या शर्यती. पण पडद्यावर एक विमान धावपट्टीवर गुमान उभं होतं.

"कुठे चाललंय हे?"

"नागपूरला," शार्दूल म्हणाला. कान किंचित लाल झाले त्याचे. "बर्मिंगहॅम ते नागपूर. खऱ्या विमानाला लागतो तेवढाच वेळ लागतो. दीड वर्ष झालं, घरी जायला रजाच जमत नाहीये. म्हणून सुट्टीच्या दिवशी..." तो थांबला. "हसू नकोस."

"हसत नाहीये. पण नागपूरला जायचं तर आधी मुंबईला उतरावं लागतं."

"माझं डायरेक्ट आहे."

आता मात्र ती हसली. "मग? पोचलास कधी?"

"एकदाही नाही. फार तर जर्मनी. एकदा थंडी होती तेव्हा कसाबसा तुर्कस्तानपर्यंत गेलो होतो. मग हा डोळे मिटतो."

हे त्याने इतकं साधेपणाने सांगितलं, की ऋजुताचं हसू तिथेच थांबलं. घरची आठवण सगळ्यांनाच येते. तिलाही यायची, मग ती फोन करून आईशी भांडायची. हा मुलगा दर सुट्टीला विमान काढून घरी निघत होता आणि अर्ध्या वाटेवरून परत येत होता. याला घरी पोचवायचंच, असं तिने त्या क्षणी मनाशी ठरवलं.

दोघं विमानाकडे बघत बसली. शार्दूलने गोळाभात केला होता, भातात डाळीचे तिखट गोळे आणि वर मिरचीचं चुरचुरीत तेल. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी तिने दुसऱ्यांदा वाढून घेतला. आतलं तापमान किती आहे, तेही तिने तपासलं. ठीक होतं. जर्मनी गेली, हंगेरी गेली... कॉम्प्युटर आपला ठणठणीत.

"बरा झाला की," ती म्हणाली आणि निघाली. मनात थोडं खट्टूच झालं होतं.

दोन दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला. 'फ्रान्सवर बंद पडला.'

मेसेज वाचून ऋजुता गालातल्या गालात हसली. एखाद्याचा कॉम्प्युटर बंद पडल्यावर असं हसू नये, पण हसली खरी.

मग हे सुरूच झालं. ती जायची, एकदा मेमरी बदलायची, एकदा आतलं सॉफ्टवेअर नव्याने टाकायची, एकदा ऑफिसातला जुना पॉवर सप्लाय पिशवीतून न्यायची. "त्याला हवा लागू दे जरा," असं म्हणाली, तर पठ्ठ्याने अख्खं टेबल ओढून खिडकीशी नेलं. ती समोर बसली की विमान मजेत उडायचं. ती गेली की एक-दोन दिवसांनी मेसेज यायचा. बेल्जियम. फ्रान्स. पुन्हा बेल्जियम.

"तू असलीस की नीट चालतो हा," शार्दूल एकदा म्हणाला. "तुझी सवय झालीय त्याला."

"त्यालाच?" तिने विचारलं.

तो गडबडून चहा करायला उठला. चहात साखर दोनदा घातली, तेव्हा ऋजुताला बरंच बरं वाटलं.

"अगं वेडे, कॉम्प्युटर कसला बिघडतोय!" तिच्याबरोबर राहणारी श्यामला म्हणाली. श्यामलाला अशा बाबतीत सगळंच कळायचं, निदान तिचा तसा समज होता. "तू असताना चालतो, तू गेलीस की बंद? तो मुद्दाम बोलावतोय तुला. निमित्त आहे सगळं. आणि तू कानातले घालून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जातेस, ते काय त्याला दिसत नाही?"

ऋजुताने "काहीतरीच तुझं!" म्हटलं. पण ते 'निमित्त' तिने जपून ठेवलं, आणि बसमध्ये एकटी असली की हळूच काढून बघू लागली. आपल्याला बोलवायला कुणी इतकी खटपट करतंय... गोड वाटायचं हो. फार गोड वाटायचं.

जुलैत एका संध्याकाळी विमान ऑस्ट्रियावरून चाललं असताना शार्दूल म्हणाला, "माझी इथली पोस्ट संपतेय. ऑगस्टपासून ॲबर्डीन."

"ॲबर्डीन? म्हणजे पार वर... स्कॉटलंडला?"

"हं."

पुढे तो काहीतरी बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली. तो विमानाची उंची बघत होता. ॲबर्डीन म्हणजे दिवसभराची ट्रेन. तिथून 'बंद पडला' असा मेसेज आला, तर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कुणी जाणार होतं का? जे काही बोलायचं, ते याच दोन-तीन आठवड्यांत. नाहीतर राहिलंच ते. तिने धीर गोळा केला.

"शार्दूल, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार नं."

"हा कॉम्प्युटर... मी नसताना खरंच बंद पडतो? की—"

"खरंच बंद पडतो!" तो कळवळून म्हणाला. "आईशपथ. तुला काय वाटलं, मी खोटं सांगतोय? मला खोटं बोलताच येत नाही गं, लहानपणापासून. लगेच पकडला जातो."

त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं, खरंच सांगतोय. निमित्त वगैरे काही नव्हतं. होता तो फक्त एक बिघडलेला कॉम्प्युटर आणि तो फुकटात दुरुस्त करणारी एक मूर्ख मुलगी, कानातले घातलेली.

"उशीर झाला मला," असं म्हणून ती उठली. ताटातला गोळाभात तसाच राहिला. डोळ्यांतलं पाणी त्याला दिसू नये म्हणून जिना धडाधडा उतरली. कोपऱ्यावर आली तेव्हा भुरभुर वाढली होती आणि छत्री वरच राहिली होती.

तिने खूप विचार केला. भिजत जावं, पण परत जाऊ नये. पण ती छत्री तिला आईने दिली होती. ती परत फिरली.

दार नुसतंच लोटलेलं होतं. शार्दूल टेबलापाशी गुडघ्यावर बसला होता, पाठमोरा, काहीतरी नीटनेटकं करत. ऋजुताने टेबलाखाली पाहिलं आणि दारातच थबकली.

कॉम्प्युटरच्या अंगावर कव्हर होतं. फिक्या पिवळ्या कापडाचं, खाली झालर लावलेलं, मागून-पुढून-बाजूंनी अगदी मापात बसलेलं. समोर दोन हिरवे पोपट, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. त्यांच्याखाली साखळीच्या टाक्यात भरलेलं नाव : डॉ. शार्दूल.

"हे... काय आहे?"

तो असा दचकला की डोकं टेबलाला आपटलं. "काही नाही. म्हणजे... कव्हर आहे. आईने शिवून पाठवलंय. मी फोनवर माप दिलं होतं. दर रविवारी विचारते, कव्हर घालतोस नं रे? मग घालतो. खोटं कसं सांगू तिला?"

"गेम खेळतानाही?"

"धूळ तर तेव्हाही बसते नं."

ऋजुता पुढे गेली, झालर उचलली, आत हात घातला. नुसतं ऑस्ट्रियापर्यंत चाललेला कॉम्प्युटर त्या कापडात अजूनच ऊन लागत होता. गेम चालू झाला की आत किती उष्णता होते, ते तिला पाठ होतं. ती बाहेर काढायला पंखा जीव तोडून फिरत असणार, आणि काकूंनी त्याच्या तोंडावर दुहेरी शिवण घातली होती.

ती मटकन खाली बसली आणि हसत सुटली. डोळ्यांत आधीचं पाणी होतंच, त्यात हे मिसळलं.

"तू डॉक्टर आहेस ना रे? तापाने फणफणलेल्या पेशंटला तू रजईत गुंडाळून ठेवलंस! आणि मी वेड्यासारखी मेमरी बदलतेय!"

शार्दूल कव्हराकडे बघत राहिला. कळत गेलं तसतसा चेहरा उतरला. "म्हणजे... दुकानात चादरीतून नेला, सोडला, चालला. तू यायचीस तेव्हा मी हे काढून कपाटात टाकायचो, म्हणून..."

"पण का काढायचास?"

तो झालरीची सुरकुती काढू लागला.

"शार्दूल?"

"पोपट आहेत नं त्याच्यावर," तो कसाबसा म्हणाला. "झालर आहे. तू हसशील वाटलं."

"मग दुसरं कुणी आलं तरी काढतोस?"

"छे, बाकीच्यांचं काय! शेजारचा जयंत तर चहाचा कप ठेवतो त्याच्यावर." मग कार्पेटकडे बघत, अगदी हळू... "तू हसलेली चाललं नसतं मला. पहिल्या दिवसापासून."

बाहेरची भुरभुर थांबली होती की काय, कोण जाणे. ऋजुताला तरी काही ऐकू येत नव्हतं.

त्याने कव्हर काढलं, नीट घडी केली आणि दोन्ही हातांत धरून बसला. "म्हणजे आता हा बरा झाला."

"झाला."

"आता बंद पडणार नाही."

"नाही पडणार."

"मग मी तुला बोलावू कसा?" तो म्हणाला. "मला निमित्तं काढता येत नाहीत गं. पण तू ये. काही बिघडलेलं नसलं तरी ये. ॲबर्डीनलासुद्धा ये. मला तू आवडतेस, ऋजुता. तू समोर बसतेस नं, तेव्हा मला नागपूरला पोचायची घाईच होत नाही."

तिने छत्री कोपऱ्यातच राहू दिली, ताट ओढलं आणि गार झालेला गोळाभात खायला बसली. शार्दूलला तेवढं उत्तर पुरलं.

तो ॲबर्डीनला जायच्या आधीच्या रविवारी दोघांनी सकाळीच विमान काढलं. जर्मनीवर चहा झाला, तुर्कस्तानावर जेवण. कॅस्पियन समुद्र आला तेव्हा शार्दूलने तिचा हात धरला तो सोडलाच नाही, आणि विमान उतरवायची वेळ आली तेव्हाही एकाच हाताने काम चालवलं. नागपूर म्हणजे पडद्यावर एक धावपट्टी आणि भोवती नुसता सपाट हिरवा रंग. "इथे आमचं घर," त्या हिरव्यावर बोट टेकवून तो म्हणाला. चाकं टेकली. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

तेवढ्यात आईला फोन करायची वेळ झाली. फोनकार्डावरचा नंबर लागला, स्पीकर चालू होता.

"कव्हर घालतोस नं रे?" पहिलाच प्रश्न.

"नाही आई. काढलं. त्याने मशीन तापत होतं. ऋजुताने सांगितलं."

पलीकडे कव्हर बाजूलाच राहिलं. मग, "कोण ऋजुता?"

शार्दूलने फोनवर हात ठेवला. त्याच्या चेहऱ्याचा रंगच बदलला होता. "आईला मी खोटं सांगू शकत नाही," तो कुजबुजला. "कोण म्हणून सांगू?"

ऋजुताने त्याच्याकडे पाहिलं. मग पडद्यावरच्या त्या सपाट हिरव्या नागपूरकडे पाहिलं.

"सांग, पुढच्या वेळी खऱ्या विमानाने तुझ्याबरोबर येणार आहे, ती."

त्याने सांगितलं. शब्द न् शब्द तसाच.  फोन इतका वेळ गप्प राहिला, की कार्डावरचे पैसे संपले की काय, असं ऋजुताला वाटलं.

"मग तिच्याही कॉम्प्युटरचं माप घेऊन पाठव," काकूंचा आवाज आला, जरासा ओला. "मागून उघडं ठेवीन म्हणा, वारं लागायला. आणि विचार तिला, पोपट चालतील नं?"

ऋजुता फोनशी वाकली.

"चालतील, काकू," ती म्हणाली. "फक्त या वेळी दोघांची तोंडं एकमेकांकडे करा."