माईकमधली हाक

हे घडलेलं आहे. कुणाच्या मित्राच्या मित्राला नाही, माझ्या सख्ख्या मामेभावाला, विनीतला. यंदाच्या मे महिन्यात, रत्नागिरीजवळच्या पावस गावात, आणि तेही भर दुपारी. रात्र, अमावस्या, सुनसान रस्ता असलं यात काही नाही. तसं असतं तर मीच हसून सोडून दिलं असतं.

विनीत बावीस वर्षांचा. डिप्लोमा झालेला, नोकरीच्या शोधात. म्हणजे घरीच. वर्षभरापूर्वी त्याने मोठे हेडफोन घेतले. कान पूर्ण झाकणारे, तोंडापुढे माईकची दांडी, आणि बाजूला एक बटण. ते दाबलं की बाहेरचं जग बंद. पंखा बंद, कुत्रा बंद, आई बंद.

त्याचे वडील, म्हणजे माझे आप्पामामा, त्या हेडफोनला टोपडं म्हणायचे.

"टोपडं घातलंन काय त्याने? मग आता संध्याकाळपर्यंत मुलगा आपला नाही," असं म्हणून स्वतःच हसायचे.

मैनामामीने तर हाका मारणंच सोडून दिलं होतं. जेवायला बोलवायचं असलं की ती सरळ मेन स्विच पाडायची. मग स्वारी आपोआप बाहेर यायची.

सकाळी गाणी, दुपारी गेम, हा त्याचा दिनक्रम. दुपारी दोन ते पाच तिघं मिळून खेळायचे. विनीत, खेडचा ओमकार आणि चिपळूणची तेजल. प्रत्यक्षात कधी भेटलेले नाहीत. ओळख सगळी आवाजाची. माईकमुळे एकमेकांच्या घरातले आवाजही त्यांना पाठ झाले होते. ओमकारच्या घरचा मिक्सर, तेजलच्या शेजारणीचं भांडण, आणि विनीतच्या आप्पांची हाक.

घराच्या मागे पडवी आहे. विनीत तिथेच बसतो, कारण रेंज तिथेच येते. पडवीपासून वीस पावलांवर हापूसचं एक जुनं कलम. झाडाखाली सगळा कातळ. त्यावर शिडीचे पाय घसरतात, म्हणून चढताना आणि उतरताना खाली कुणीतरी धरायला लागतंच.

त्यासाठी मामांच्या घरात एक रीत होती. वरच्याने विचारायचं, "शिडी धरलीस काय? उतरू?" खालून "उतरा" असं आलं, की मगच पाय शिडीवर ठेवायचा. पानांतून खालचा माणूस दिसत नाही. त्याच्या शब्दावरच उतरायचं असतं. उत्तर नाही आलं तर फांदीवर बसून राहायचं, मग तास का जाईना. माझे आजोबा असेच बसायचे. मामाही तसेच.

बारा मेला दुपारी साडेतीन वाजता आप्पामामा त्या शिडीवरून पडले.

डोकं कातळावर आपटलं. रत्नागिरीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

विनीत पडवीत होता. वीस पावलांवर. "मला ऐकूच आलं नाही. हेडफोन होते," असं त्याने सांगितलं. सगळ्यांनी ते मानलं. धाकटे मामा, दादूमामा, हेडफोन विहिरीत फेकायला निघाले होते. मामीने ते त्यांच्या हातातून काढून घेतले, पदराने पुसले आणि फडताळात ठेवून दिले.

पण खाली धरायला कुणी नसताना मामा उतरलेच कसे, हे कुणी विचारलं नाही.

मीसुद्धा नाही.

विनीत रडला नाही. लोक येऊन गळ्यात पडायचे, तो उभा राहायचा. रडू दाबून धरलं होतं असंही नाही. आत काही उरलंच नव्हतं. चहात साखर आहे की नाही, तेही त्याला कळत नव्हतं, असं तो म्हणतो.

तेरावं झालं. माणसं पांगली. घरात मायलेक दोघंच उरले.

एका दुपारी त्याने फडताळातून हेडफोन काढले. गाणं लावलं नाही. नुसते कानांवर चढवले आणि बटण दाबलं. बाहेर शांत, आतही शांत. तसाच दोन तास बसला. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी त्याने गेम सुरू केला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

ओमकार लाइनवर होताच. मामांचं त्याला माहीत होतं, पण काय बोलावं ते त्याला कळेना. म्हणून तोही नुसता खेळत राहिला.

साडेतीन झाले असतील…

"विन्या, मागे कोण आहे रे?" ओमकारने विचारलं.

"कुणी नाही."

"मग कोण बोलतंय? माईक बंद कर बघू."

विनीतने मागे वळून पाहिलं. पडवी रिकामी. मामी विहिरीवर धुणं धूत असायची त्या वेळी.

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. कुणी बोललं की त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका पेटतो. गप्प बसलं की विझतो.

विनीत गप्प होता.

त्याच्याच नावापुढचा ठिपका पेटला… विझला… परत पेटला.

त्याने हेडफोन काढले. बाहेर वाऱ्याचासुद्धा आवाज नव्हता. परत घातले. आतही काही नाही. फक्त तो हिरवा ठिपका.

दुसऱ्या दिवशी तेजल आली. परीक्षेमुळे ती महिनाभर खेळायला नव्हती. मामा गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. खेळता खेळता ती मध्येच थांबली.

"अरे विनीत, तुझे बाबा कधीचे हाका मारतायत. जा ना. आम्ही थांबतो."

ओमकारने खेळ थांबवला.

विनीतने घड्याळ पाहिलं. तीन बत्तीस.

"काय म्हणतायत?" शेवटी त्याने विचारलं.

"शिडी धरलीस काय, उतरू काय, असं काहीतरी. लांबून येतंय. जा बाबा, म्हातारं माणूस झाडावर बसलंय."

विनीत जागचा हलला नाही. तेजल कंटाळून निघून गेली. मग बऱ्याच वेळाने ओमकार हळूच म्हणाला, "तो आवाज ओळखतो मी. त्या दिवशी पण मी लाइनवर होतो ना."

"मग?"

"त्यांनी असंच विचारलं होतं. आणि तू म्हणालास… उतरा."

विनीतने माईकची दांडी वर सारली.

"मी कुणाला बोललो नाही रे. मला कुणी विचारलं पण नाही," ओमकार म्हणाला आणि त्याने लाइन बंद केली.

ते खरं होतं. त्या दिवशी विनीतचा डावा कान उघडाच होता. हाक त्याला स्वच्छ ऐकू आली होती. खेळ अगदी शेवटाला आलेला, दोन मिनिटांचा प्रश्न. उठायचं जिवावर आलं. त्याने बसल्या जागेवरून ओरडून "उतरा" म्हटलं. म्हातारा सावकाश उतरतो, तोवर पोचू, असा त्याचा हिशेब. मग त्याने कान झाकला आणि बटण दाबलं.

त्यामुळे पडल्याचा आवाज मात्र त्याला खरंच आला नाही.

हे आईला कळलं तर काय होईल, एवढी एकच भीती त्याच्यात शिल्लक होती. आई घराबाहेर काढणार नाही. जेवायला वाढेल. पण परत कधी आपल्या तोंडाकडे बघणार नाही, असं त्याला वाटत होतं. बाकी सगळं बधिर झालं होतं, हे तेवढं दुखत होतं.

मग रोजचंच झालं. साडेतीनला ठिपका पेटायचा. विनीत विचारायचा, "आज?" आणि ओमकार सांगायचा.

"आज दोनदा विचारलं."

"आज तुझं नाव घेऊन."

चौथ्या दिवशी ओमकारचा आवाज कापत होता.

"हात भरून आले म्हणतायत… विन्या, मला नाही ऐकवत. मी नाही येणार उद्यापासून."

तो गेला. विनीत स्क्रीनसमोर एकटाच राहिला. ठिपका अजून पेटत होता… विझत होता…

त्याने हेडफोन काढून खाली ठेवले आणि तो मागच्या दाराने बाहेर पडला.

कलमाखाली वाळक्या पानांचा पातेरा पडला होता. त्यावर पाय पडला की कुरकुर वाजायची. शिडी झाडाला लावलेली होती. त्या दिवशी ती आडवी पडली होती, हे विनीतला पक्कं आठवत होतं. ती परत उभी कुणी केली?

शिडीच्या पायाशी मैनामामी बसली होती. दोन्ही हातांनी तिने शिडी धरली होती.

मान वर करून ती कुणाशी तरी बोलत होती. अगदी साध्या आवाजात.

"नका हां उतरू. थांबा जरा. धरणारा यायचाय अजून."

विनीतच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या भीतीखेरीज महिनाभरात त्याला पहिल्यांदा काहीतरी जाणवलं, ते हे.

"आई."

तिने वळून पाहिलं नाही.

"आई, मला ऐकू आलं होतं गो. मी उतरा म्हटलं होतं. आणि गेलो नाही."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"मी विहिरीवर होते. त्यांची हाक ऐकली, तशी हातातलं धुणं टाकून उठले. तेवढ्यात तू ओ दिलीस. म्हटलं, चला, मुलगा गेला धरायला." ती क्षणभर थांबली. "मग मी परत धुवायला बसले."

तिने शिडीवरची पकड घट्ट केली.

"सगळ्यांसमोर तू म्हणालास, ऐकू आलं नाही. मी काय बोलणार होते? नवरा गेला. मुलालाही घालवू काय?"

मग ती सरकली आणि शिडीची एक बाजू तिने मोकळी केली.

"धर."

विनीतने धरली. घट्ट. तळव्यात लाकडाची कूस घुसली तरी सोडली नाही.

"आता म्हण."

त्याला तोंड उघडायला वेळ लागला. "आप्पा… धरलीय शिडी. उतरा."

पान हललं नाही. शिडीवर वजन आलं नाही. विनीत वर पाहत राहिला. पानं आणि उरलेसुरले चार आंबे, दुसरं काही दिसत नव्हतं.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

मामीने कान देऊन ऐकलं.

"परत विचारतायत."

"उतरा आप्पा! मी आहे खाली!"

मामी पुन्हा थांबली. मग तिने मान हलवली.

"परत तेच. खरंच धरलीस काय, म्हणतायत."

दिवेलागणीपर्यंत तो ओरडत होता. घसा बसला. मामा उतरले नाहीत. त्याच्या शब्दावर ते आता पाय ठेवत नव्हते.

हे सगळं विनीतने मला गेल्या रविवारी सांगितलं, त्याच पडवीत बसून. शेजाऱ्याची हकिकत सांगावी तसं, सपाट आवाजात. हेडफोन तो आता वापरत नाही. ते कुठे आहेत, मी विचारलं नाही. मामीने आम्हाला चहा दिला आणि ती धुणं घेऊन विहिरीवर गेली.

"मी रोज जातो ताई. रोज धरतो, रोज सांगतो," तो म्हणाला. "पण मला ऐकूच येत नाही. ओमकारला आलं, तेजलला आलं, आईला रोज येतं. मला एकदा तरी यायला हवं होतं ना?"

समजूत घालायला काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं…

तेवढ्यात कलमाकडून आवाज आला.

लहानपणापासून ऐकलेला. जरासा थकलेला. पण स्वच्छ.

"विनूऽ… शिडी धरलीस काय रे? उतरू?"

मी कप खाली ठेवून कलमाकडे वळले. विहिरीवर मामी हातातलं धुणं ठेवून उठली आणि झाडाकडे चालू लागली.

विनीत माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"काय झालं ताई?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्याने घड्याळ पाहिलं, चहा संपवला आणि तो शिडी धरायला गेला. मी चारच्या एसटीने रत्नागिरीला परत आले. मी खोटं का बोलले, ते मला अजून सांगता येत नाही. रोज साडेतीन वाजले की त्याला फोन करावा असं वाटतं, आणि मी करत नाही.