टोरचा डबा

"माझ्या नवऱ्याला त्याच्या सख्ख्या भावानं जाळलं, एडनाबाई. त्याला शिक्षा व्हायलाच हवी!" इंगा हॉगन दारातच म्हणाली.

चार दिवसांपूर्वी, भर दुपारी ऑर्विल हॉगनची वर्कशॉप पेटली. काडतुसांत दारू भरून झाली की तो तिथेच खुर्चीत डुलकी काढायचा. बिचारा बाहेर पडूच शकला नाही. मर्ल त्याचा चाळीस वर्षांचा शिकारीतला सोबती. आता तो गुप्तहेर एडना क्रोगबरोबर घरभर फिरत होता.

ऑर्विलचा भाऊ लीलंड पायरीवर बसला होता. "भांडलो, हो. टोरच्या डब्यावरून. 'फेकून दे, नाहीतर जळशील' म्हणालो. लोकांनी 'जळशील' तेवढंच ऐकलं."

टोर म्हणजे ऑर्विलचा मुलगा. सहा वर्षांपूर्वी नदीत बुडाला. त्यानं आणलेला काडतुसांच्या दारूचा शेवटचा डबा बापानं तळघरात जपला होता.

"बाकीचे डबे तो दर हंगामात उघडून हुंगायचा," मर्ल म्हणाला. "त्या एकाला मात्र हात लावला नाही."

"मी उघडला," लीलंड म्हणाला. "आंबूस भपकारा आला. वर तांबडी भुकटी."

तळघर थंडगार होतं. फळीवर गंजाचं गोल वळं उमटलं होतं. शेजारी पत्र्याच्या पेटीत खिळे लखलखत होते.

"डबा इथून कुणी हलवला?" एडनानं विचारलं.

"मीच, गेल्या आठवड्यात," मागोमाग उतरलेली इंगा म्हणाली. "गंजत होता, ओल लागली असणार. वर्कशॉपमध्ये स्टोव्हमागच्या फळीवर ठेवला. 'बरं केलंस,' म्हणाला ऑर्विल."

एडनानं पेटीतला एक खिळा उचलून उजेडात धरला.

"मग आग लावली कुणी?" मर्लनं विचारलं.

"कुणीच नाही. ओल असती तर हे खिळेही गंजले असते. डबा आतून गंजला, मर्ल. दारू कुजली की आंबूस वास येतो, तांबडी भुकटी सुटते, तिची वाफ पत्रा खाते. अशी दारू आपोआप तापते. इथल्या गारठ्यात ती कशीबशी टिकली होती. उबेत गेली आणि..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. इंगा मटकन पायरीवर बसली.

"म्हणजे मीच गं... मीच मारलं त्याला!"

लीलंड खाली आला. जिच्या तोंडून चार दिवस शिव्याशाप ऐकले, तिच्याच शेजारी टेकला.

"वहिनी, तो डबा माझ्या हातात होता. अंगणात नेऊन टाकणारच होतो. झाकणावर टोरचं अक्षर दिसलं, अन् परत ठेवला."

इंगानं त्याचा हात घट्ट धरला. मर्ल भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.