ब्रेकवरचा पाय

भुतं रात्रीच निघतात अशी ज्यांची खात्री आहे, त्यांनी हे वाचू नये. उगाच दुपारची झोप जाईल.

कारण हे घडलं ते भर दुपारी. गेल्या वर्षीच्या चैत्रात, एका मंगळवारी. चाळीसगावच्या पुढे घाट चढायला लागलं की जुन्या रस्त्याच्या खाली एक नाला आहे, तिथे.

आणि हे खरं आहे. ज्याच्यावर गुदरलं तो सुपडू माझा मावसभाऊ. त्याला थापा मारता येत नाहीत. मुलगी बघायला गेला तेव्हा मोहिनीच्या काकांनी विचारलं होतं, "स्वभाव तापट नाही ना?" हा म्हणाला, "आहे थोडा." घरचे सगळे पायाकडे बघायला लागले. लग्न तरीही झालं, ती गोष्ट वेगळी.

सुपडूचं पारोळ्याला हायवेच्या कडेला गॅरेज आहे. गॅरेजमागच्या कडुनिंबाखाली झुलाल आबांची ट्रक उभी होती. लांब नाकाची, गोल दिव्यांची, आबांच्या तरुणपणातली पहिली गाडी. आबांच्या मनात आलं, नातवाची, भूषणची, वरात याच गाडीतून काढायची. सुपडूने इंजिन चालू करून दाखवलं तेव्हा आबा लहान पोरासारखे रडले.

पण शाफ्ट मोडलेला. शाफ्ट म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारा लांब लोखंडी दांडा. तो नसेल तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. आणि त्या बनावटीचा शाफ्ट आता कुठेच मिळत नाही.

मग कुणीतरी सांगितलं, घाटाखालच्या नाल्यात तशीच एक गाडी पडून आहे. कुणाची, कधीची, कुणालाच माहीत नाही.

सुपडू आणि त्याचा शालक भिकन निघाले. भिकन त्याच्याच गॅरेजात काम करतो. अंगाने भरलेला, जिभेने त्याहून भरलेला.

उतार असा, की पाय ठेवावा तर मुरूम घरंगळतो आणि धरावं तर हाताला काटेरी झुडूप. भिकन बसत बसत उतरत होता.

"दाजी, वरात भूषणनी शे, पन मयत मनी निंघी आठे."

"पोट कमी कर. मंग पाय नीट पडतीन."

खाली एका बाभळीच्या पातळ सावलीत एक म्हातारी बकऱ्या घेऊन बसली होती. धुरपदाबाई तिचं नाव.

"कोठे चालनात भाऊ?"

सुपडूने गाडीकडे बोट दाखवलं.

म्हातारीने आपल्या बकऱ्यांवर एकदा नजर फिरवली. मग म्हणाली, "मन्या बकऱ्या तिना सावलीमा बसतस नही."

"बकऱ्यास्ले ऊन गोड लागत व्हई, अक्का," भिकन म्हणाला.

ती हसली नाही. पाण्याचा झरा कोणत्या बाजूला आहे तेवढं सांगितलं आणि बकऱ्या हाकत नाल्याच्या खालच्या अंगाला निघून गेली.

गाडी नाल्याच्या काठावर मुरुमाच्या एका अरुंद पट्टीवर उभी होती. तोंड वर, पाठ खोल दरीकडे. टायर कधीच कुजून गेलेले. नुसत्या लोखंडी रिंगांवर उभी, त्यामुळे पोट जमिनीला टेकायला आलेलं.

एवढी जुनी गाडी उघड्यावर असली की तिच्यात कुणीतरी राहतंच. साळुंक्या, सरडे, गांधीलमाश्या, काहीतरी.

हिच्यात काहीच नव्हतं...

काडीचं घरटंसुद्धा नाही. कोळ्याचं जाळंसुद्धा नाही.

सुपडूने वाकून खाली पाहिलं. ब्रेकचे पाईप कुणीतरी तांब्यासाठी कापून नेले होते. पण तेवढेच. बाकी सगळं जागच्या जागी. आणि मागच्या चाकाजवळ मुरुमात एक पाना पडलेला, गंजून चिकटलेला. चोरी करायला आलेला माणूस स्वतःचा पाना टाकून जात नाही. जायची घाई झाली तर गोष्ट वेगळी.

मग त्याने केबिनमध्ये डोकावलं. सीटच्या स्प्रिंगा उघड्या पडलेल्या, स्टिअरिंग गंजून लाल, पत्र्याला भोकं.

आणि ब्रेकचा पेडल...

चकचकीत. रोज बुटाखाली घासला जातो तसा.

"गुराखी पोरं खेळत असतीन," भिकन म्हणाला.

सुपडूलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

आता सुपडूच्या गॅरेजची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाडीखाली जायचं तर केबिनमध्ये ब्रेकवर माणूस बसलाच पाहिजे. खालचा ओरडतो, "धर!" वरचा पेडल दाबतो. हायवेच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तो पत्र्यावर एकदा ठोकतो. ठक. म्हणजे धरलं. पाय भरून आला की दोनदा ठोकतो. ठक ठक. म्हणजे सोडू का? आणि खालचा "सोड" म्हणेपर्यंत पाय काढायचा नाही. सुपडूच्या वडिलांपासून ही रीत आहे.

पण ही गाडी मेलेली. ब्रेकला पाईप नाही, चाकं गंजून बसलेली. तिला कशाला माणूस? एका चाकामागे त्याने धोंडा लावला, भिकनला पाण्याला पिटाळलं आणि पोतं अंथरून खाली शिरला. बोल्टांवर डिझेल ओतून ठेवलेलं होतं. पहिला बोल्ट कुरकुरत सुटला.

इथे त्याची चूक झाली. गाडी चाकांच्या गंजामुळे उभी आहे असं त्याला वाटलं. ती उभी होती गिअरमध्ये. आणि गिअरचं आणि चाकांचं नातं त्या शाफ्टवरच असतं. जो तो सोडवत होता.

तेवढ्यात वर सीटच्या स्प्रिंगा वाजल्या...

कुणीतरी बसलं.

"उना का रे भिकन? पानी कोठे शे?"

सुपडूने दुसऱ्या बोल्टाला पाना लावला.

"तोंड शिवीसन बसना का? बरं, बसनाच शे तं पाय ठेव ब्रेकवर. धर!"

ठक.

सुपडूला हसू आलं. पाईप नसलेला ब्रेक धरतोय शहाणा. आपणही सवयीने बोललो, तोही सवयीने धरतोय. तो कामाला लागला. मधूनमधून भिकनला शिव्याही देत होता. तुझी बहीण बोलायचं थांबत नाही आणि आज तुला काय झालं, वगैरे.

शेवटचा बोल्ट निघाला. शाफ्टचं एक टोक सुटून त्याच्या छातीवर आलं.

आणि गाडी कण्हली...

धोंडा मुरुमातून घसरल्याचा आवाज आला. सबंध गाडी वीतभर मागे सरकली. पत्रा त्याच्या नाकाला घासून गेला.

"धर भिकन! धर!"

थांबली.

जागच्या जागी, गपकन.

"शाब्बास रे! सोडू नको. मरीन मी. अजिबात सोडू नको."

ठक.

आणि त्याच वेळी वरच्या चढावरून, लांबून हाक आली.

"दाजीऽऽ! झरामा पानीच नही! वरला हापश्यावर जाई उनू!"

भिकनचा आवाज...

सुपडू मला म्हणाला, "अक्का, घाम येतो म्हणतात ना, तसं नाही झालं. अंगातला सगळा घाम वाळला."

केबिनच्या पत्र्याला त्याच्या डोक्यावरच एक भोक होतं. त्यातून त्याला पेडलचा दांडा दिसत होता. पूर्ण दाबलेला. त्या दांड्याच्या पुढे काहीच नव्हतं. कापलेल्या पाईपचं कोरडं तोंड हवेत लटकत होतं.

दांडा थरथरत होता...

फार वेळ दाबून धरलं की माणसाची मांडी थरथरते, अगदी तसा.

गाडी कशावर थांबली होती, हे त्याला कळेना. कळायची त्याला इच्छाही नव्हती. छातीवर शाफ्ट, वर गाडी, मागे दरी. घरी मोहिनीने वांग्याची भाजी टाकली असेल, एवढंच त्याच्या मनात आलं. माणसाच्या मनात वेळेला काहीही येतं.

त्याने हळू आवाजात म्हटलं, "धर रे बाबा. मी निंघस बाहेर. तोवर धर."

ठक.

शाफ्ट बाजूला ढकलून, पाठ सोलून घेत तो इंच इंच सरकत बाहेर आला. भिकन समोर उभा होता. हातात पाण्याची बाटली, तोंड उघडं.

"दाजी, तुम्ही कोनासंगे बोली ऱ्हायनात?"

सुपडूने नुसतं केबिनकडे पाहिलं. भिकनने टाचा उंचावून आत डोकावलं.

केबिन रिकामं होतं.

पेडल पार तळाला गेलेला. सीटच्या स्प्रिंगा एका जागी दबलेल्या.

भिकन आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला. त्याने सुपडूचं मनगट धरलं आणि दोघं चढायला लागले. शाफ्ट, पाने, पोतं, सगळं तिथेच.

अर्ध्या चढावर होते तेव्हा खालून आवाज आला...

ठक ठक.

सुपडू थांबला. मिस्त्री माणूस तो. ते ऐकून उत्तर द्यायचं नाही, हे त्याच्या हाडात नाही.

पुन्हा. जरा घाईने.

ठक ठक.

"दाजी, मांगे पाहू नका. तुम्हले मन्या बहिनीनी आन शे."

खाली नाल्यात बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. म्हातारी गाडीच्या बरोब्बर खालच्या अंगाला होती. सुपडूने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. उत्तर न देता तो वर चढला.

रस्त्यावर आल्यावर त्याने धुरपदाबाईला हाका मारमारून तिथून हलायला लावलं. तिने काही विचारलं नाही. जणू आज ना उद्या कुणीतरी सांगणारच होतं.

भूषणची वरात भाड्याच्या गाडीतून निघाली. आबा रुसले, जेवले नाहीत. सुपडूने त्यांना कारण सांगितलं नाही.

पुढे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी पारोळ्याला गेले. जेवणं झाली, सुपडू ओसरीवर आडवा झाला. मोहिनीने मला हळूच खुणेने बोलावलं.

"अक्का, हे बघा. रोज असंच."

सुपडू गाढ झोपला होता. चेहरा शांत. पण उजवा पाय...

भिंतीला लावलेला. पंजा ताठ, पोटरी दगडासारखी, गुडघ्यापासून खाली सगळा थरथरत होता.

"डॉक्टर म्हणतात शिरांचं आहे. मी म्हटलं, एकदा जाऊन त्या बिचाऱ्याला सांगून या, सोड म्हणून. तर म्हणाले, सांगितलं आणि गाडी गेली खाली, तर? खाली कोण असेल काय माहीत." मोहिनीने पदराने डोळे पुसले. "आता गॅरेजातसुद्धा तो शब्द उच्चारत नाहीत. नुसतं 'बस' म्हणतात."

मला त्याच्या पायाकडे बघवेना. धाकटा भाऊ तो माझा. लहानपणी त्याच्या हट्टी मुठीतून किती वस्तू मी सोडवल्यात. आताही त्याच्या पोटरीवर हात ठेवला. जिवंत माणसाचा पाय इतका गार नसतो.

शब्द अगदी ओठांवर आला. सोड रे, सुपडू. सोड आता.

मोहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी तो शब्द गिळला. कुणाचा पाय सुटला असता, मला माहीत नव्हतं.

अजूनही माहीत नाही.