फार्महाऊसवरचं कोमट पाणी

बसा रे सगळे. मोटारीजवळ उभं राहिलं म्हणून लाईट लवकर येत नसते. लाईनमनकीत जिंदगी गेली माझी, मला नका शिकवू. या आठवड्यात आपल्या फिडरला रातपाळी आहे, मोटारीची थ्री फेज लाईट रातच्यालाच मिळते. लाईट आली की स्टार्टरचा ऑटो आपसूक मोटार उचलंल आणि गव्हाला पाणी जाईल. तोवर शेकोटी आहे, मी आहे. तू, कानटोपीवाल्या, तो मोबाईल खिशात घाल. त्याच्या उजेडानं पलीकडचा अंधार अजून दाट दिसतो.

भुताचं सांगा म्हणता. मी अमावास्येला खांबावर चढलेला माणूस, मला कधी भूत दिसलं नाय. पण शफीकचं सांगतो. शफीक म्हणजे बायजीपुऱ्यातल्या आमच्या कमरोद्दीनचाचाचा पोरगा. एसी, फ्रिज, पाणी तापवायच्या मशिनी, सगळं बसवतो आणि दुरुस्त करतो. पदरचं घालून सांगायची सवय नाय त्याला. माझ्या ओट्यावर बसून त्यानं सांगितलं तसंच सांगतो.

आधी बापाचं सांगावं लागंल, नायतर पुढचं कळायचं नाय. चाचाचा धंदा कल्हईचा. पण मोहल्ल्यात कुणी पुरुष माणूस गेला की पहिलं बोलावणं चाचाला. त्यांच्यात दफन करायच्या आधी मयताला आंघोळ घालतात, गुस्ल म्हणतात. ते काम चाचा करायचा, आणि चहासुद्धा घ्यायचा नाय त्याचा. बोरीचा पाला टाकून पाणी उकळायचं, मग निववायचं, मग बाही वर करून कोपर बुडवून बघायचं. पंज्याला कामानं घट्टे पडलेले असतात, कोपराला खरं कळतं, असं त्याचं म्हणणं. मी एकदा गमतीनं विचारलं, चाचा, त्याला आता काय गरम अन् काय गार? लई चिडला. म्हणला, त्याला बोलता येत नाय म्हणूनच तर जपायचं. शफीक लहानपणापासून बापाच्या हाताखाली पाण्याचे तांबे भरून द्यायला असायचा.

आणि तो चाचा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. तेव्हा कसं होतं तुम्हाला माहीत आहे. प्लास्टिकात गुंडाळून दिला. पोरानं लांबून माती दिली. ज्या माणसानं सगळ्या मोहल्ल्याला शेवटचं पाणी दिलं, त्याच्या अंगावर तांब्याभर पाणी पडलं नाय. कुणाचा दोष म्हणायचा? वेळच तशी होती.

तेव्हापासून शफीक बधिर झाला. रडला नाय. कामावर जायचा, यायचा, जेवायचा. अमिना, म्हणजे त्याची बायको, माझ्याकडं येऊन म्हणायची, नाना, यांना ओरडा, मारा, पण कायतरी करा. मी एकदा लई बोललो त्याला. तो म्हणला, "नाना, अब्बाला पाणी द्यायचं राहिलं, एवढं माहीत आहे मला. पण वाटत काहीच नाय."

आता ती रात्र. तेवीस सालची भोगी, शनिवार. दुसऱ्या दिवशी संक्रांत. पडेगाव ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की शरणापूरच्या अलीकडं तात्यासाहेबांचं फार्महाऊस आहे. तिथं नवा स्विमिंग पूल बांधला होता. पाणी टँकरनं भरलं, वर ताडपत्री ओढली, आणि पाणी तापवायची मशीन शफीकनंच आठवड्याआधी बसवली. संक्रांतीला पाव्हणे येणार, आणि मशीन सुरू होईना. तिला थ्री फेज लागते, आणि तिकडच्या फिडरलाबी रातपाळी. म्हणून शफीक जेवण करून मोटारसायकलवर निघाला. थंडी मरणाची. अंगावर शाल, गळ्यात मफलर.

तिथं राखणीला बद्रीनाथ म्हणून आहे. आपल्यातलाच, बडबड्या. त्यानं बॅटरी धरली, शफीकनं मशीन उघडली. पहिल्यांदा फेज उलट्या लागलेल्या निघाल्या. दोन वायरींची अदलाबदल केली, ती खोड गेली. तरी मशीन सुरू होईना. पडद्यावर दाखवायला लागली की पाणी वाहत नाय. तुम्हाला सांगतो, या मशिनीच्या पाईपात एक पट्टी असते. पाण्याच्या धक्क्यानं ती पट्टी वळली तरच मशीन चालू होते, नायतर बंदच. मग शफीकनं पाईपाचे व्हॉल्व पाह्यले, उघडे. पट्टी पाह्यली, सरळ बसलेली. पंप तर फिरत होता. मग राहिली पंपाच्या तोंडाशी असलेली कचऱ्याची जाळी.

पंप थांबवून त्यानं झाकण फिरवलं आणि जाळी वर काढली. गच्च भरलेली. पाला.

बद्रीनाथ म्हणला, बोरीचा दिसतोय. बोरीची झाडं त्या माळावर रग्गड आहेत, जानेवारीत पाला गळतो, त्यात काय नवल? पण पाण्यावर ताडपत्री होती. आणि शफीकनं तो पाला बोटात धरला तर मऊ लागला. काळपट. चुरगळला की गाळ व्हावा असा. वाळलेला नाय, कुजलेला नाय. उकळलेला पाला कसा असतो ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

बद्रीनाथ मागं सरकला. "शफीकभाई, ही करणी हाय. उतारा टाकलाय कुणीतरी." एवढं बोलून खोलीवर गेला आणि आतून कडी लावली. बॅटरीबी घेऊन गेला, शहाणा.

शफीकनं पाला बाजूला टाकला, जाळी धुतली, बसवली. मी विचारलं त्याला, तेव्हा भीती वाटली का? म्हणला, नाय नाना. पाला ओळखला, पण आत काहीच हाललं नाय. झाकण आवळायचं, मशीन चालू करायची, घरी जायचं, एवढंच डोक्यात.

पंपाच्या बटणाला हात लावणार, तेवढ्यात लाईट गेली.

सगळी गेली. फार्महाऊसची, माळावरची, पार दौलताबादच्या डोंगरापर्यंत. शफीक तिथंच उकिडवा बसला. लाईट येईल म्हणून वाट पाहत होता. मोबाईलचा उजेड लावावा एवढंबी त्याला वाटलं नाय. वारा नव्हता. कुत्रं भुंकत नव्हतं.

आणि ताडपत्रीखाली पाणी हाललं.

थोडंच. तांब्या बुडवल्यावर बुडबुडतं ना... तेवढं.

मग थांबलं.

मग परत.

शफीक उठला. पुलाच्या काठाशी गेला. हातानं ताडपत्रीचा कोपरा सारला. तिथं कुणी नव्हतं. काळं पाणी. त्यावरून वाफ निघत होती.

आणि अगदी शेजारून, रोज बोलतात तशा आवाजात...

"पानी देख रे, शफीक."

मी म्हणलं, तू पळाला नाय? तो म्हणला, अब्बानं सांगितलेलं काम ऐकायची सवय आहे नाना, पाय हाललेच नाय. त्यानं बाही वर केली. खाली वाकला. पाण्यात कोपर घातलं.

मशीन एक मिनिटसुद्धा चाललेली नव्हती. टँकरचं पाणी, जानेवारीची रात्र. बर्फागत असायला पाहिजे होतं.

कोमट होतं.

ना गरम, ना गार. जसं लागतं तसं.

तो म्हणला, "झालंय अब्बा."



शफीकनं अंगावरची शाल काढली. मयताला पाणी घालताना अंगावर कापड ठेवतात, उघडं ठेवत नसतात. तर त्यानं ती शाल काठावरच्या फरशीवर पसरली. अंधारात. उत्तर-दक्षिण, मयताला निजवतात तशी.

शाल फरशीला टेकली नाय.

चार बोटं वर राह्यली... मग वीतभर. मधी उंच. दोन्ही बाजूंनी उतरती.

शफीक ते बघत उभा राहिला. काहीच वाटत नव्हतं त्याला. हातपाय मात्र आपोआप कामाला लागले. रंगाचा रिकामा डबा पडला होता, तो धुतला. पाण्यात बुडवला. आधी उजवी बाजू. मग डावी. बापानं जसं शिकवलं तसं, सावकाश, धार मोठी न करता. फरशीवर पाणी पडलं की कसा आवाज येतो, माहीत आहे ना? चटचट. तसा आवाज नव्हता. दबका होता. अंगावर पडल्यासारखा.

डबा बुडवला. ओतला. बुडवला. ओतला.

पाणी शेवटपर्यंत तसंच. कोमट.

कधीतरी त्याला कळलं की आता पुरे. म्हणून डबा ठेवला. गळ्यातला मफलर काढला आणि शालीखाली हात घालून पुसलं. हाताला काय लागलं, ते मी विचारलं नाय. तुम्हीबी विचारू नका.

पुसून झालं. तो बाजूला बसला. बसल्या जागी त्याच्या तोंडातून आवाज निघाला. आधी त्याला वाटलं, कुणीतरी दुसरंच आहे. मग कळलं आपणच आहोत. नाना, म्हणला, गुरासारखा रडलो. बद्रीनाथनं खोलीत ऐकलं ते, पण बाहेर यायची छाती झाली नाय त्याची.

पहाटंच्या बांगेच्या सुमाराला लाईट आली. ऑटोनं पंप उचलला. थोड्या वेळानं मशीनबी चालू झाली, पंखा फिरायला लागला. त्यात मला नवल वाटत नाय. जाळी साफ झाली होती, पट्टी वळणारच, आणि या मशिनी जरा दमानंच चालू होतात. पण चालू होताच तिनं पाण्याचं जे तापमान दाखवलं ते छत्तीस होतं. मशिनीनं अजून काही तापवलंच नव्हतं. हे बद्रीनाथनंबी पाह्यलं, कारण उजेड झाल्यावर तो शहाणा बाहेर आला होता.

शाल फरशीवर पडलेली होती. सपाट. चिंब भिजलेली. काठावर सगळीकडं पाणीच पाणी. शफीकनं शाल उचलली, तर खालची फरशी कोरडी. एक माणूस निजंल एवढी लांब, एवढी रुंद.

बद्रीनाथनं विचारलं, "इथं काय ठेवलं व्हतं?" शफीकनं शाल पिळली, गाडीला बांधली आणि घरी गेला. अमिना सांगते, घरात आल्या आल्या खाटंवर बसला आणि जेवायला मागितलं. बाजरीची भाकरी अन् भोगीची शिळी भाजी. खाता खाता म्हणला, मीठ जास्त आहे. आता तुम्ही म्हणाल त्यात काय. पण अमिनाला रडू फुटलं. बाप गेल्यापासून घरातल्या कशाला त्यानं चांगलं म्हणलं नव्हतं की वाईट.

आता तुमच्यातल्या कुणाला वाटत असंल की पोरगं झोपंत होतं, थंडीनं भ्रम झाला. वाटू द्या. मलाबी तसंच वाटलं होतं. म्हणून उन्हाळ्यात शफीकला घेऊन मी तिथं गेलो. बद्रीनाथनं जागा दाखवली. तो म्हणला, रोज सकाळी पाईपनं काठ धुतो, अन् तेवढी जागा भिजत नाय. तात्यासाहेबांनी तिथल्या फरश्या बदलून नव्या बसवल्या, तरी तसंच.

मी म्हणलं, आण इकडं पाईप. लाईनमनला असल्या गोष्टी पटत नसतात. नळ पूर्ण सोडला आणि धार नेमकी तिथं धरली. पाणी धावत गेलं... आणि तिथं जाऊन फाटलं. दोन बाजूंनी वळलं, पुढं जाऊन एक झालं. मधली जागा तशीच. मी धार वर केली, वरून सोडली. थेंब पडताना दिसायचे. खाली ओल दिसायची नाय.

मी अजून पुढं सरकलो. तेवढ्यात शफीकनं मागून येऊन नळ बंद केला. हळूच माझ्या हातातून पाईप काढून घेतला.

"राहू द्या नाना," म्हणला. "पुसून झालंय. आता परत नका भिजवू."

ती जागा अजून कोरडीच आहे.